कोपऱ्याकडे तोंड करून वाजवणारा माणूस

‘फोटो काढायचा तर ये, पण डीपीवरच्या मोटारी बंद झाल्यावर ये,’ एवढेच त्यांनी मला सांगितले आणि फोन ठेवून दिला. मी छत्रपती संभाजीनगरला लग्नकार्यांची आणि व्यक्तिचित्रणाची कामे करतो. वेळेबाबतच्या नाना अटी आजवर ऐकल्या आहेत, परंतु डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, चालणाऱ्या विहिरींच्या मोटारींशी बांधलेली वेळ मी प्रथमच ऐकत होतो. ही अट लहर म्हणून घातलेली नव्हती, हे कळायला मला पुढे पूर्ण एक दिवस लागला.

ज्यांची छायाचित्रे काढायची होती ते गृहस्थ साठीच्या उंबरठ्यावरचे आहेत. त्यांचे घराणे गोंधळ्यांचे, वडील संबळ वाजवत आणि आजोबा तुणतुणे धरत. गोंधळमहर्षी म्हणून ओळखले गेलेले राजारामबापू कदम हे परभणीचेच. त्या परंपरेच्या गावात वाढलेल्या या मुलाने मात्र तरुणपणी इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली, मुंबईत आणि पुण्यात हॉटेलांतून, महाविद्यालयांच्या महोत्सवांतून रॉक बँडमध्ये वाजवले, आणि चाळिशीनंतर ते गावी परतले. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण त्यांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवली आणि ती ऐकवताना त्यांच्या चेहऱ्यावर खंतीची छटाही नव्हती. संभाजीनगरच्या अभियांत्रिकीच्या काही विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून गिटार शिकता शिकता त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका तयार केली होती, आणि तिच्या मुखपृष्ठासाठी छायाचित्र काढण्याचे काम माझ्याकडे आले होते. मुलांनी मला आधीच बजावले होते की दादा तऱ्हेवाईक आहेत, ते श्रोत्यांकडे पाठ करून वाजवतात, रोज सकाळी जमिनीला पाणी घालतात आणि गिटारीच्या सहा तारांपैकी दोन काढून ठेवतात.

डिसेंबरातली गोष्ट आहे. माझ्या मदतनीसाला घेऊन मी पहाटेची देवगिरी एक्सप्रेस पकडली आणि सकाळी परभणीला उतरलो. मराठवाड्यात थंडी म्हटली की परभणीचे नाव निघते, आणि त्या दिवशी फलाटावर बोटे इतकी गारठली होती की कॅमेऱ्याच्या पिशवीची चेन ओढणेही जड जात होते. दादांची सरावाची जागा गावाबाहेर, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये होती. सरकी आणि रुई वेगळी करणारी यंत्रे केव्हाच उचलून नेलेली, फक्त गाठी बांधण्याच्या प्रेसचा लोखंडी सांगाडा एका बाजूला गंजत उभा. पत्र्याच्या आतल्या अंगाला, छपराच्या कैच्यांवर, जुन्या वायरींवर वर्षानुवर्षांची रुई चिकटून राहिली होती आणि तिच्यावर धुळीचा करडा थर चढला होता. पश्चिमेला एक मोठे दार. बाकी उजेड म्हणून फारसा नव्हता.

आम्ही पोहोचलो तेव्हा दादा शेडच्या मागे एका खड्ड्यात बादलीने पाणी ओतत होते. अंगात काळा लोकरी कोट, पाय अनवाणी. शेजारच्या शेतातल्या आखाड्यावरचा माणूस मला हळूच म्हणाला की हे देवाचे काही असावे, रोज चुकत नाहीत. मी जवळ जाऊन पाहिले तेव्हा खड्ड्यातून वर आलेला नळीचा तुकडा आणि त्याला जोडलेली जाड तार दिसली. तो अर्थिंगचा खड्डा होता. कोळसा आणि मीठ घालून भरलेल्या या खड्ड्यातली माती ओली असली की तिच्यातून वीज जमिनीत सहज उतरते. ती वाळली की रोध वाढतो, आणि अँप्लिफायरमधली गुरगुरही वाढते. दादांनी बादली उपडी ठेवली आणि म्हणाले, ‘ह्याला पाणी न्हाई पाजलं तर ते दिवसभर बोंबलतंय.’ मुलांनी सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी एकीचा उलगडा तिथेच झाला, आणि उरलेल्या दोहोंकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो.

त्यानंतर जे घडले त्याची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे. सामान मांडायला जागा हवी म्हणून माझ्या मदतनीसाने खुंटीवर टांगलेली गिटार काढली आणि तिचा पट्टा खाली फरशीवर सोडला. त्या पट्ट्यावर कवड्यांची माळ शिवलेली होती. गोंधळी गळ्यात घालतात तीच माळ, दादांच्या वडिलांच्या गळ्यातली. शेडमध्ये शिरण्यापूर्वी कशाला हात लावायचा आणि कशाला नाही हे विचारून घेणे माझे काम होते, आणि ते मी केले नव्हते. दादा काही बोलले नाहीत. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, खिशातून फडके काढले आणि एकेक कवडी पुसायला सुरुवात केली. त्याला तासभर लागला. दारातून येणारा सकाळचा मऊ उजेड त्यांच्या हातांवर पडला होता आणि चौकट अशी जुळून आली होती की कोणताही छायाचित्रकार कॅमेरा उचलेल. मी तो उचलला नाही. ती माझी चूक निस्तरण्याची वेळ होती, आणि तिचे चित्र करून मी ते घरी नेणे मला योग्य वाटले नाही. आजही वाटत नाही. शेवटची कवडी पुसून झाल्यावर त्यांनी मदतनीसाला हाक मारली, माळ त्याच्या हातात दिली, आणि तिच्यातल्या दोन कवड्या आजोबांच्या काळच्या आहेत, हे त्याला दाखवले. पोराचे डोळे भरून आले.

दुपारी साडेबाराला शेतीची थ्री फेज लाईन गेली. आजूबाजूच्या विहिरींवरच्या मोटारी एकापाठोपाठ एक थांबल्या आणि त्यांचा घुमारा आपल्या कानात होता हे तो थांबल्यावरच जाणवले. दादांनी गावठाणाच्या लाईनवर चालणारा त्यांचा जुना, व्हॉल्व्हचा अँप्लिफायर सुरू केला. मी ठरवून आणलेली मांडणी केली: डावीकडे सॉफ्टबॉक्समध्ये, म्हणजे उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेटीत, एलईडी पॅनल, मागून केसांवर कड येण्यासाठी दुसरे छोटे पॅनल, आणि जोडीला दोन फ्लॅश. पहिले पॅनल लावून मी त्याचा उजेड चाळीस टक्क्यांवर आणला, तोच अँप्लिफायरमधून माशी अडकल्यासारखा चिरका आवाज येऊ लागला. फ्लॅश चार्ज होताना बारीक शिट्टी ऐकू यायची आणि तो पेटला की ‘टक्’. दादांनी तारांवर हात ठेवला.

‘कामून एवढे दिवे लावायलास? माझ्या तुणतुण्यात तिसराच कोणी तरी शिरलाय बघ.’

याचा अर्थ त्यांनी मला शांतपणे, बसवून समजावला, आणि त्या दिवशीच्या साऱ्या कामाचा पाया तेथे पडला असे मी मानतो. त्यांच्या गिटारीवरचे पिकअप सिंगल कॉइलचे, म्हणजे एकाच गुंडाळीचे, आहेत. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे काही हजार वेढे दिलेली ही गुंडाळी तारेचे कंपन टिपते, पण त्याचबरोबर आसपासच्या विजेचे क्षेत्रही टिपते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे ५० आणि तिच्या पटीतल्या १०० कंपनांची एक अखंड गुणगुण, ज्याला ध्वनिवाले हमिंग म्हणतात, अशा गिटारीतून येत राहते. मोटारींबद्दलची अटही याचसाठी होती. दिव्याचा उजेड कमीजास्त करणारे एलईडीचे सर्किट त्यात आपली वेगळी चिरचिर मिसळते. हमिंग घालवण्याचा उपाय जुनाच आहे: गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली पेटंटसाठी दाखल केलेला हंबकर हा पिकअप, ज्यात दोन गुंडाळ्या उलट दिशेने जोडलेल्या असतात आणि बाहेरची गुणगुण आपसांत कटते. मुलांनी दादांना तो बसवून देण्याची तयारीही दाखवली होती. दादांनी नकार दिला होता, कारण ती गुणगुण त्यांना हवी आहे.

तुणतुण्याला एकच तार असते. लाकडी नळकांड्याच्या तळाला कातडे, बाजूला बसवलेली काठी, काठीच्या टोकाला खुंटी, आणि कातड्यापासून खुंटीपर्यंत ताणलेली तार. गोंधळी कथा सांगतो, संबळ बोलतो, आणि तुणतुणे आपला एकच स्वर धरून राहते. लहानपणी आजोबांमागे उभे राहून दादांनी तो स्वर ऐकला आणि पुढे अँप्लिफायरच्या हमिंगमध्ये त्यांना तोच सापडला. म्हणून त्यांनी गिटारीची खालची तार १०० कंपनांवर लावली. पाश्चात्त्य स्वरमालेतला ‘जी’ ९८ कंपनांचा, म्हणजे त्यांचा षड्ज त्याच्या किंचित वर बसतो आणि दुसऱ्या कोणत्याही वाद्याशी सरळ जुळत नाही. वरच्या तीन तारांपैकी एक पंचमाची आणि दोन तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या ‘सा’च्या. बाकीच्या दोन त्यांना नकोतच. रॉक संगीतातला पॉवर कॉर्ड म्हणजे तरी मूळ स्वर आणि त्याचा पंचमच. त्यांचे परस्परप्रमाण तीनास दोन इतके साधे असल्याने डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटवणे, कितीही वाढवले तरी ते एकमेकांत मिसळून भक्कम राहतात. परभणीच्या गोंधळातला षड्ज-पंचम आणि रॉकचा पॉवर कॉर्ड असे एकाच वाद्यावर येऊन बसलेले मी प्रथमच ऐकत होतो, आणि ऐकताना अंगावर काटा आला हे मला लिहिलेच पाहिजे.

पाठ करून उभे राहण्याचे कारण याच्याच पोटात होते. सिंगल कॉइलचे पिकअप विजेच्या क्षेत्राकडे कोणत्या कोनात आहे त्यावर हमिंग कमीजास्त होते. दादा गिटार गळ्यात घालून जागच्या जागी हळूहळू वळत होते. दाराकडे तोंड असताना गुणगुण मोठी, मग ती उतरत उतरत जाई आणि शेडच्या आग्नेय कोपऱ्याकडे तोंड झाले की अगदी बारीक होऊन, दूरच्या देवळात कोणी तुणतुणे धरले असावे तशी स्थिरावे. तिथे ते थांबत. तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्या गवयाच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता असते तीच त्या वळण्यात होती. श्रोत्यांना वर्षानुवर्षे दिसत आली ती मात्र त्यांची पाठ, आणि त्यावरून गावाने त्यांना तऱ्हेवाईक ठरवले होते.

माझ्यापुढे आता दोनच वाटा होत्या. अँप्लिफायर बंद ठेवून, त्यांना दाराकडे वळवून, माझ्या दिव्यांत नीटनेटके चित्र काढायचे, आणि ते त्यांनी मुकाट करूही दिले असते. नाहीतर दिवे बंद करून त्या कोपऱ्यात शिरायचे. मी दिवे बंद केले. मला त्यांचा ऐकणारा चेहरा हवा होता, आणि तो त्या एका दिशेलाच उमटत होता.

पण त्या दिशेला उजेड नव्हता. दार त्यांच्या पाठीशी, त्यामुळे कोटाच्या खांद्यांवर प्रकाशाची कड आणि चेहरा पूर्ण काळोखात. मदतनीसाला गावात पाठवून मंडप-डेकोरेशनवाल्याकडून थर्माकोलचे दोन मोठे पांढरे पत्रे मागवले आणि कोपऱ्याच्या दोन्ही भिंतींना टेकवून उभे केले. त्यांच्यापर्यंत ऊन पोहोचत नव्हते, म्हणून दादांच्या घरून कपाटाचा आरसा आणला. डिसेंबरात परभणीला भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांच्या आसपासच चढतो, आणि तीनच्या सुमारास दारातून उन्हाचा लांब तिरपा पट्टा शेडमध्ये येतो. त्या पट्ट्यात आरसा ठेवला आणि त्याचा कवडसा तीस फुटांवरच्या थर्माकोलवर टाकला. थर्माकोलवरून उलटलेला उजेड इतका मऊ होता की तसा मला माझ्या सॉफ्टबॉक्समधून कधी मिळालेला नाही. एक अडचण होती. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, आणि तेवढ्यात तीस फुटांवरचा कवडसा सुमारे अर्धा फूट हलतो. तेव्हा मदतनीस सबंध वेळ आरशाशी उकिडवा बसून त्याला केसाकेसाने फिरवत राहिला. सकाळच्या प्रसंगानंतर त्याने ज्या मनापासून ते काम केले त्याची नोंद येथे केली पाहिजे.

मी स्वतः प्रेसचा सांगाडा आणि भिंत यांमधल्या बेचक्यात, दोन थर्माकोलच्या फटीत पाठ टेकून उभा राहिलो. दादांपासून अंतर जेमतेम चार फूट. व्यक्तिचित्रासाठी मी नेहमी वापरतो ती ८५ मिलिमीटरची लेन्स तेथे फक्त चेहरा दाखवत होती. गिटार, हात आणि माळ चौकटीत हवी असल्याने मी ३५ ची लावली. इतक्या जवळून ती नाक आणि कपाळ फुगवते, म्हणून चेहरा चौकटीच्या कडेला न जाऊ देता मध्याशी ठेवला आणि कॅमेरा त्यांच्या छातीच्या उंचीवर, सरळ धरला. काळ्या कोटावर पांढऱ्या कवड्या जळून जाऊ नयेत म्हणून एक्स्पोजर कवड्यांवर बेतले आणि कोटाला काळोखात जाऊ दिले.

पहिल्या दहा-बारा चित्रांतच दादा पुन्हा थांबले. ‘तुझा खटका ठेक्यात येईना,’ ते म्हणाले. कॅमेऱ्याचे शटर चार फुटांवर वाजत होते आणि त्यांच्या लयीला ते खुपत होते. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर माझ्याकडे होते, पण ते चित्र ओळीओळीने वाचत असल्यामुळे कंप पावणारी तार त्यात सापासारखी नागमोडी उमटू शकते. मी ती अडचण त्यांना सांगितली. त्यांनी क्षणभर विचार केला, मग पायाने ठेका धरला आणि मला म्हणाले की समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, दाब, अधेमधे दाबू नको. मी संगीत शिकलेलो नाही. सुरुवातीला माझे बोट प्रत्येक वेळी मागे पडायचे, कारण सम ऐकून मग दाबले की ती निघून गेलेली असते. चौथ्या-पाचव्या आवर्तनात मी त्यांच्या अनवाणी पायाचा अंगठा पाहू लागलो; तो उचलला गेला की बोट टेकवायचे, आणि तो खाली येताना दाबायचे. त्यानंतर खटका बसू लागला. आणि समेवर येताना त्यांच्या चेहऱ्यावर काय होते हेही मला तेव्हाच दिसले: आवर्तनभर आवळलेला जबडा सुटतो, डोळे मिटलेलेच राहतात, पण पापण्यांवरचा ताण जातो. अधल्यामधल्या क्षणी दाबलेल्या एकाही चित्रात ते नाही.

शटरचा वेग ठरवण्यात मी बराच वेळ घालवला, आणि तो सार्थकी लागला. सेकंदाच्या हजाराव्या भागात काढलेल्या चित्रात तार थिजते, गिटार मुकी दिसते. सेकंदाला १०० वेळा हेलकावणारी खालची तार १/१५ सेकंदात सहा-सात हेलकावे पुरे करते, आणि चित्रात दोन टोकांना बारीक व मधे फुगलेला धुरकट पट्टा उमटतो, ज्यातून पलीकडची कवडीही अंधूक दिसते. मी तोच वेग धरला. त्यात दादांचा उजवा हात पुसट झाला, पण चेहरा जर समेवर स्थिर असेल तर तो स्वच्छ येत होता.

चारच्या सुमारास, ऊन पिवळे पडू लागले असता, त्यांनी डिस्टॉर्शन वाढवून खालची तार छेडली. पत्रा थरथरला. कैच्यांना वर्षानुवर्षे चिकटलेली रुई सुटली आणि दारातून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात, त्यांच्या पाठीमागे, हळूहळू खाली येऊ लागली. एक बारीक पुंजका त्यांच्या कोटाच्या कॉलरवर बसला. त्यांना ते ठाऊक नव्हते. त्यांचा अंगठा उचलला गेला, मी बोट टेकवले. एकूण अकरा समा मला मिळाल्या आणि मग सूर्य दाराच्या चौकटीआड गेला.

निवडीच्या वेळी मुलांमध्ये आणि माझ्यात मतभेद झाला. त्यांना हात स्वच्छ असलेली चौकट हवी होती. १९७९ साली न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये पेनी स्मिथ यांनी क्लॅश या बँडच्या पॉल सिमोनन यांचे बास गिटार जमिनीवर आपटतानाचे छायाचित्र घेतले. ते फोकसमधून सुटलेले असल्यामुळे बँडच्या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर वापरू नये असे खुद्द स्मिथ यांचेच मत होते, आणि तरीही ते वापरले गेले. मी मुलांना ते छायाचित्र दाखवले आणि आपली चौकटही शेजारी ठेवली. त्यांनी ती मोठी करून पाहिली, कॉलरवरचा रुईचा पुंजका पाहिला, आणि मग फार बोलणे झाले नाही. ३००० पिक्सेलच्या चौरसात ती बसवताना डावीकडची काळी जागा नावासाठी सोडली. रंगांत मी काही बदलले नाही; थर्माकोलवरून आलेला उन्हाचा किंचित पिवळटपणा तसाच ठेवला.

छापील प्रत घेऊन मी स्वतः परभणीला गेलो. दादांनी ती दाराच्या उजेडात धरली, बराच वेळ चेहऱ्याऐवजी तारेच्या त्या धुरकट पट्ट्याकडे पाहिले, आणि विचारले की हा किती वेळाचा फोटो आहे. मी सांगितले. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले, मान हलवली आणि प्रत आतल्या खोलीत आजोबांच्या तुणतुण्याशेजारी नेऊन ठेवली. बाहेर येऊन म्हणाले, ‘आता मे महिन्यात ये. खड्डा कितीही भिजवला तरी कोरडा पडतो, अन् मग मला पार त्या तिकडच्या भिंतीकडं तोंड करून वाजवावं लागतं. तिथला उजेड येगळा हाय.’

मे महिन्यात लग्नसराईची कामे असतात, तरी एक आठवडा मी मोकळा ठेवला आहे. थर्माकोलचे पत्रे शेडमध्येच, प्रेसच्या सांगाड्यामागे, कापड गुंडाळून ठेवून आलो आहे.